खाजनातली गणना: बारावीच्या मुलांकडून चौकट मांडून घ्यावी की खुणा करून?

पोयकाठ

नमस्कार मंडळी. बारावी विज्ञानाच्या २४ मुलांना घेऊन एका सकाळी गोव्यातल्या खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर जायचे आहे. समष्टीची (एका जागच्या एकाच जातीच्या जीवांची) घनता हा भाग पुस्तकात दोन पानांत आटोपतो. मुलांना सूत्र पाठ होते, पण आकडा कुठून येतो हे कळत नाही. जागा अशी आहे: एका बाजूला नदी, मध्ये बांध, बांधाला मानस (पाण्याचे दार), आत पोय (खाऱ्या पाण्याचे तळे) आणि पलीकडे कोरगुटाची (खार सोसणाऱ्या भाताची) शेते. नदीच्या बाजूला कांदळ, तिवर आणि मारांडी ही खारफुटी. उघड्या चिखलावर फिडलर खेकड्यांची बिळेच बिळे, झाडांच्या मुळांशी लांब टोकदार शंखाच्या गोगलगायी.

हातात ओहोटीचे साधारण तीन तास मिळतील. खेकडे मोजावेत की शंख? चौकट टाकायची तर केवढी आणि किती वेळा? खुणा करून पुन्हा पकडायची पद्धत मुलांना झेपेल का? शिवाय आनुवंशिकतेचा धडा त्याच सत्रात आहे. त्याचा धागा इथे जोडता येईल का?

सड्यावरून

खेकड्यांना चौकट, शंखांना खुणा. उलटे करू नका. खेकडा कात टाकतो आणि कवचावरची खूण कातीबरोबर जाते. शंख कात टाकत नाही.

मानसराखण

वरच्याशी पूर्ण सहमत. त्यात भर.

खेकड्यांसाठी ५० सेंमी × ५० सेंमीची चौकट पुरे. पीव्हीसी पाइप २० मिमीचा घ्या, चार तुकडे आणि चार एल्बो. माप आतल्या बाजूचे धरा. बहुतेकजण तुकडाच ५० सेंमीचा कापतात. मग एल्बोमुळे आतली बाजू ५० च्या पुढे जाते आणि प्रत्येक चौकटीत तीच चूक राहते. पाइपला खालून बारीक भोके पाडा, नाहीतर पाणी साचलेल्या जागी चौकट तरंगते. एक बाजू न चिकटवता नुसती खोचून ठेवा. तिवराची श्वसनमुळे किंवा खोड मध्ये आले की ती बाजू काढून चौकट सरकवता येते. आत दर १० सेंमीवर नायलॉनची दोरी ओढली की २५ घरे होतात. एक घर म्हणजे ४ टक्के. शेवाळाचे किंवा मारांडीचे आच्छादन मांडायला हे उपयोगी.

कडेवरच्या बिळांचा नियम आधीच ठरवा: डाव्या आणि खालच्या कडेला टेकलेले बीळ आत, उजव्या आणि वरच्या कडेचे बाहेर. हे न ठरवता गेलात तर प्रत्येक गट कडेवरचे सगळेच आत घेतो. चौकट जितकी लहान तितका तिचा काठ क्षेत्रफळाच्या मानाने मोठा, म्हणून ही चूक लहान चौकटीत जास्त फुगते.

रानमोगरा

चौकट डोळे मिटून खांद्यावरून मागे फेकायची, असेच शिकवतात ना?

मानसराखण

शिकवतात, पण ती यादृच्छिक निवड होत नाही. फेकणारा कुठे उभा आहे यावर सगळे ठरते, आणि माणूस घट्ट जमिनीवरच उभा राहतो. मऊ चिखल, जिथे खेकडे वेगळे असतात, तो कायम सुटतो. त्याऐवजी बांधाला समांतर २० मीटरची टेप ताणा, तिच्याशी काटकोनात दुसरी टेप पाण्याकडे न्या. मोबाइलवर यादृच्छिक आकड्यांच्या जोड्या काढा. पहिला आकडा बांधाच्या दिशेने, दुसरा पाण्याच्या दिशेने. जोड्या घरून काढून कागदावर लिहून न्या. चिखलाच्या हातांनी फोन धरायचा नाही.

कुळागर

बिळे मोजली म्हणजे खेकडे मोजले असे नाही, हे मुलांना आधीच सांगा. एका बिळाला कधी दोन तोंडे असतात. काही बिळे ओस पडलेली असतात, काही चिखलाने बुजलेली. वापरातले बीळ ओळखायची खूण म्हणजे तोंडाभोवती पसरलेल्या चिखलाच्या ताज्या बारीक गोळ्या. खेकडा चिखल तोंडात घेतो, त्यातले खाण्याजोगे वेचतो आणि उरलेल्याची गोळी बाहेर ठेवतो. भरतीचे पाणी आले की त्या विरघळतात. म्हणजे या ओहोटीत दिसणारी गोळी याच ओहोटीतली.

दुसरा मार्ग बसून मोजण्याचा. चौकट ठेवून तीनेक मीटर मागे सरका, १५ मिनिटे अजिबात हलू नका, मग दुर्बिणीतून वर आलेले खेकडे मोजा. हा आकडा खऱ्याहून कमी येतो, कारण सगळे एकाच वेळी वर नसतात. बिळांचा आकडा खऱ्याहून जास्त येतो. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये. चार-पाच चौकटींत दोन्ही करून गुणोत्तर काढा. बिळे खणून बघायचा मोह टाळा. बांधाच्या पायथ्याशी तर मुळीच नको. तिथे केलेल्या खड्ड्यातून पाणी झिरपू लागले की शेतात खार शिरते.

पोयकाठ

हे छान झाले. पण चौकटी किती? दहा पुरतील का?

आकडेमोड

दहा चौकटींत अशा खेकड्यांचे आकडे साधारण कसे येतात ते उदाहरणाने बघू:

०, २, १४, १, ०, ९, २२, ३, ०, ९

बेरीज ६०, सरासरी ६. पाव चौरस मीटरला ६, म्हणजे चौरस मीटरला २४. बहुतेक अहवाल इथेच थांबतात. आता विचलन काढा. प्रत्येक आकड्यातून ६ वजा करून वर्ग केले की बेरीज ४९६. तिला ९ ने भागले की ५५.१. हे प्रसरण. प्रमाणित विचलन ७.४. त्याला १० च्या वर्गमुळाने भागले की २.३५. दहा चौकटींसाठी टी-तक्त्यातला (९५ टक्के खात्रीचा) आकडा २.२६. गुणाकार ५.३.

म्हणजे उत्तर ६ नाही, ६ ± ५.३. चौरस मीटरला ३ पासून ४५ पर्यंत काहीही. दहा चौकटींतून हाती आले ते एवढेच.

सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत उत्तर हवे असेल तर लागणाऱ्या चौकटी = (२ × ७.४२ ÷ १.२) चा वर्ग, म्हणजे १५३. ५० टक्क्यांची सूट चालत असेल तर २५ पुरतात.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांत आहे. प्रसरण ÷ सरासरी = ५५.१ ÷ ६ = ९.२. खेकडे कसेही विखुरलेले असते तर हे १ च्या आसपास आले असते. १ हून बरेच जास्त म्हणजे ते घोळक्याने आहेत. पुस्तकातली 'पुंजक्याने वितरण' ही आकृती मुलांना स्वतःच्या वहीत अशी सापडते.

रानमोगरा

१५३! तीन तासांत?

सड्यावरून

नको. आधी जागेचे तुकडे पाडा. वरच्या उदाहरणातली शून्ये आणि २२ एकाच जागेतली असावीत असे वाटत नाही. शून्ये मारांडीच्या गच्च सावलीतली, २२ उघड्या चिखलातला. उघडा चिखल, झाडांखालचा चिखल आणि बांधाचा पायथा असे तीन पट्टे करा, प्रत्येकात वेगळ्या चौकटी टाका, प्रत्येकाची वेगळी सरासरी काढा आणि शेवटी पट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात जोडा. पट्ट्याच्या आत आकडे एकमेकांजवळ येतात, प्रसरण घसरते आणि कमी चौकटींत काम भागते.

सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) पावसाळ्यात हेच करावे लागते. उघडा जांभा, बोटभर मातीची जागा आणि पाणी साचलेली खळगी या तिन्हींत झाडे वेगळी. सीतेची आसवे आणि गेंद ओल्या पातळ मातीत दाट दिसतात, हातभर अंतरावरच्या कोरड्या कातळावर एकही नाही. तिथे तर झाडे मोजूसुद्धा नयेत. जमिनीलगत पसरणारी वनस्पती कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. टक्केवारीत आच्छादन मांडावे.

तिवर

झाडे मोजणार असाल तर चौकट १० मी × १० मी. रोपांसाठी तिच्याच कोपऱ्यात १ मी × १ मी. घेर साधारण १.३ मीटर उंचीवर घेतात, पण कांदळाला तो नियम लागत नाही. आधारमुळे त्याहून वर फुटतात. सर्वांत वरच्या आधारमुळापासून ३० सेंमी वर टेप लावा. तिवराच्या श्वसनमुळांवर पाय देऊ नका. चिखलात प्राणवायू नाही, झाड त्या मुळांतून श्वास घेते. २४ मुले म्हणजे ४८ पाय. ये-जा करायची एकच वाट आखा आणि वाटेवर चौकट टाकू नका.

कुळागर

पायांवरून आठवले: कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात असाल तर मगरी आहेत. ओहोटीला त्या चिखलावर उन्हाला पडतात आणि चिखलाच्याच रंगाच्या दिसतात. पाण्याच्या कडेपासून लांब राहा आणि एका मोठ्या माणसाला फक्त पाण्यावर नजर ठेवायचे काम द्या. खाजनातली माणसे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात ती मानगे थापणी मुलांना सांगाच. बांध, शेत आणि मगर एकाच जगाचे भाग आहेत, हे त्या पूजेत आहे.

रानमोगरा

मानगे थापणीवर वेगळा धागा काढा ना! इथे विषयांतर होईल.

कुळागर

काढतो. इथे एवढेच पुरे.

आकडेमोड

आता शंख. २० मी × २० मीचा तुकडा आखा. पहिल्या दिवशी सापडतील तितके शंख उचला, फडक्याने कोरडे करा, नेलपॉलिशचा लहान ठिपका द्या, दोन-तीन मिनिटे वाळू द्या आणि जिथे उचलले तिथेच ठेवा. ओल्या शंखावर लावलेली पॉलिश एका भरतीत निघते. ठिपका तोंडाच्या कडेला नको. वरून ठळक दिसेल असाही नको. पक्ष्याला दिसला तर खूण केलेलेच जास्त मरतील, आणि शोधणाऱ्या मुलांनाही तेच आधी दिसतील. दोन्ही चुका उत्तर बिघडवतात, एक वर नेते आणि दुसरी खाली. शंखाच्या पोटाकडच्या बाजूला ठिपका द्या आणि प्रत्येक शंख उलटवून बघा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा करा. समजा पहिल्या दिवशी ६० ना खूण केली, दुसऱ्या दिवशी ४८ सापडले, त्यांतले ९ खुणेचे. ६० × ४८ ÷ ९ = ३२०. हे सूत्र डेन्मार्कमध्ये पीटरसनने १८९६ मध्ये माशांसाठी मांडलेल्या विचारातून आले, अमेरिकेत लिंकनने १९३० मध्ये बदकांच्या पायातल्या कड्यांवरून वापरले. तीच कल्पना लाप्लासने त्याआधी १८०२ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या काढायला वापरली होती. जन्माच्या नोंदी म्हणजे त्याच्या खुणा.

लहान नमुन्यात हे सूत्र उत्तर वर ढकलते. चॅपमनचा बदल वापरा (प्रत्येक आकड्यात १ मिळवा, शेवटी १ वजा करा): ६१ × ४९ ÷ १० − १ = २९८. त्याचे प्रमाणित विचलन ७३ ते ७४ येते, म्हणून पल्ला साधारण १५४ ते ४४२. वहीत २९८ एकटा लिहू देऊ नका, पल्ल्यासह लिहून घ्या.

आणि पुन्हा सापडलेले ३ च असतील तर? साधे सूत्र ९६० म्हणते, चॅपमन ७४६. दोन्हींवर भरवसा नको. किमान ७ तरी पुन्हा सापडावेत असे नियोजन करा. म्हणजे खुणा वाढवा किंवा तुकडा लहान करा.

मानसराखण

खूण निघण्याचा परिणामही दाखवा. ६० पैकी १५ ठिपके धुतले गेले तर ९ ऐवजी सुमारे ७ सापडतात आणि ३२० चे ४११ होतात. समष्टी तीच, फक्त पॉलिश ओली होती.

शिवाय ओहोटी दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. दोन्ही दिवशी घड्याळाची तीच वेळ धरलीत तर दुसऱ्या दिवशी कमी चिखल उघडा मिळेल. ओहोटीच्या वेळेपासून मोजा: सर्वांत कमी पाण्याच्या दीड तास आधी उतरा, त्या वेळेनंतर दीड तासाने वर या.

रानमोगरा

वाघही असेच मोजतात का? आमच्या पुस्तकात पाऊलखुणा लिहिल्या आहेत.

सड्यावरून

पाऊलखुणांवरची देशव्यापी गणना मागे पडली. २००६ पासूनच्या राष्ट्रीय अंदाजात कॅमेरा ट्रॅप आणि पुन्हा टिपले जाण्याचे गणित आहे. वाघाला खूण करावी लागत नाही, पट्टे हीच खूण. पण डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून एका जागी समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. एकच लावला तर एका वाघाचे दोन होऊ शकतात. म्हादईच्या जंगलाबद्दल बोलताना मुलांना हे सांगता येईल.

पोयकाठ

आनुवंशिकतेचे राहिले. जीभ वळवता येणे आणि कानाची पाळी यांवरून हार्डी-वाइनबर्ग (समष्टीतल्या जनुकांचा समतोल तपासायचे गणित) करून घेतात, ते इथे जोडता येईल?

बाठा

जीभ वळवणे सोडा. १९४० मध्ये स्टर्टेव्हंटने ते एका जनुकाचे म्हणून मांडले. १९५२ मध्ये मॅटलॉकला अशा एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या मिळाल्या की एकाला जमते आणि दुसऱ्याला नाही. पुढे स्टर्टेव्हंटनेही ते मान्य केले. कानाच्या पाळीतही मधले प्रकार भरपूर आहेत.

शिवाय मूळ चूक वेगळीच आहे. प्रभावी-अप्रभावी लक्षणात अप्रभावी लोकांचे प्रमाण घेऊन वर्गमूळ काढतात. वर्गमूळ काढतानाच समतोल आहे असे गृहीत धरलेले असते. मग त्याच आकड्यांनी समतोल कसा तपासणार? तिन्ही जनुकप्रकार वेगळे ओळखता येतील असेच लक्षण हवे.

इथे खाजनाची जोडणी फार सुंदर होते. मध्ये बांध आहे. समजा बांधाच्या आतल्या पोयीत एका अॅलीलची (जनुकाच्या एका रूपाची) वारंवारता ०.९ आणि बाहेर नदीत ०.३. दोन्ही बाजू आपापल्या समतोलात. प्रत्येकी ४० जीव घेतले आणि बांधाकडे दुर्लक्ष करून एकत्र मोजले. तिन्ही प्रकार येतात ३६, २४, २०. एकत्रित वारंवारता (७२ + २४) ÷ १६० = ०.६. समतोलाप्रमाणे अपेक्षित २८.८, ३८.४, १२.८. काय-वर्ग (मोजलेले आणि अपेक्षित यांतल्या तफावतीचे माप) १.८ + ५.४ + ४.०५ = ११.२५. मुक्तता-अंश (मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे) १, कारण वारंवारता याच आकड्यांतून काढली आहे. मुले इथे हमखास २ धरतात. तक्त्यातली मर्यादा ३.८४, आपला आकडा तिच्या बराच वर. समतोल साफ मोडला!

आणि प्रत्यक्षात काहीच मोडलेले नाही. निवड नाही, उत्परिवर्तन नाही. दोन समष्ट्या एका पिशवीत टाकल्या, म्हणून विषमयुग्मी (दोन्ही रूपे असलेले जीव) ३८ ऐवजी २४ दिसले. याला वालुंड परिणाम म्हणतात, १९२८ पासून.

आकडेमोड

वा! म्हणजे चौकटींचे पट्टे पाडायचे कारण आणि हे कारण एकच. बांधाच्या आतले-बाहेरचे एकत्र केले की घनतेचा पल्ला फुगतो आणि जनुकांचा समतोल मोडल्यासारखा दिसतो.

बाठा

तेच. म्हणून 'किती आहेत' याच्या आधी 'कुणाला एक समष्टी म्हणायचे' हे ठरवा. मानशीतून पाणी येते-जाते, त्याबरोबर डिंभ (प्राण्यांची अगदी लहान पिल्ले) आणि कांदळाच्या लोंबत्या शेंगा जातात. म्हणून दोन्ही बाजू पूर्ण तुटलेल्या असतीलच असे नाही. किती तुटल्या हाच तर प्रश्न.

आंब्याचेही एक उदाहरण द्या. भाटात (बागायतीत) मानकुरादाची ४० कलमे असली तरी जनुकीयदृष्ट्या ते एकच झाड ४० वेळा आहे. बाठ्यापासून उगवलेली ४० रायवळ झाडे म्हणजे ४० वेगळे जनुकसंच. दोन्हीकडे घनता तीच. डोकी मोजून विविधता कळत नाही. प्राण्यांतही ५ नर आणि ४५ माद्या असतील तर परिणामी समष्टी (जनुकांच्या दृष्टीने धरायची संख्या) ४ × ५ × ४५ ÷ ५० = १८ च भरते.

रानमोगरा

वाचनखूण साठवली. हे चिंचोक्यांवर वर्गात करता येईल ना?

बाठा

जरूर. पिशवीत ३०० चिंचोके, ६० घासून पांढरे करा, मिसळा, ४८ काढा. सहा गटांची सहा उत्तरे फळ्यावर लिहा. एकाच पिशवीतून २०० ही येतात आणि ४५० ही. खाजनात जाण्याआधी एक तास यालाच द्या.

तिवर

परवानगीचे कुणी बोलले नाही. चोडणचे सलीम अली अभयारण्य असेल तर वनखात्याची लेखी परवानगी हवी, शंख उचलायलासुद्धा. इतर खाजनात कुळांच्या संघटनेला आणि ज्याने मानशीचा लिलाव घेतला असेल त्याला आधी सांगा. ओहोटीला मानशीवर जाळे लागते, त्या वेळी तिथे मुलांची गर्दी नको. आणखी एक: मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. त्यामुळे आतले पाणी नदीच्या वेळापत्रकाने उतरत नाही. आतल्या बाजूची वेळ आदल्या दिवशी जाऊन बघून या.

पोयकाठ

सगळ्यांचे आभार. आता असे ठरवते: आदल्या आठवड्यात चिंचोके. पहिल्या दिवशी चार-चार मुलांचे सहा गट, प्रत्येकी ५ चौकटी, म्हणजे ३०. उघडा चिखल १५, झाडांखाली १०, बांधाचा पायथा ५. सगळ्या फक्त नदीच्या बाजूला. चौकटीला ८ ते १० मिनिटे धरली तर तासाभरात आटोपते, उरलेल्या वेळात शंखांच्या खुणा. दुसऱ्या दिवशी फक्त सहा मुले आणि पुन्हा शोध. आतली बाजू पुढच्या वर्गाला. पायथ्याच्या ५ चौकटी कमी पडतील का?

आकडेमोड

पहिल्या ५ मध्ये सगळी शून्ये आली तर पुरे. एकात जरी १० च्या वर आकडा आला तर झाडांखालच्या ३ तिकडे वळवा. झाडांखालचे आकडे सहसा कमी हलतात. कुठल्या ३ वळवायच्या हे आकडे बघून नको, यादीतल्या शेवटच्या ३ असे आजच लिहून ठेवा.

पोयकाठ

लिहिले. देव बरें करूं.

मानसराखण

बाई, पॉलिश लाल नको, फिकट निळी घ्या. आणि जाताना गोड्या पाण्याचा एक कॅन न्या. चौकटीची दोरी खाऱ्या चिखलात तशीच वाळली की पुढच्या वेळी आखडलेली मिळते.